माझ्या मापातली वटवाघळं

मी चाळीस वर्षं बॉयलर दुरुस्त केले. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या या छोट्या गावात निम्म्या तळघरांमध्ये माझ्या हातची नळजोडणी आहे आणि ती कुठेच गळत नाही, हे मी कुणी न विचारताही सांगतो. मागच्या ऑक्टोबरात चार-पाच वर्षांच्या नऊ पोरांनी तासाभरात माझं पाणी जोखलं, ती गोष्ट मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही. आज सांगतो.

माझी बायको अर्लीन गावच्या वाचनालयात दर मंगळवारी लहान मुलांकडून हस्तकला करून घेते. हॅलोविनच्या तीन आठवडे आधी ती ओल्या पानांवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. आता मंगळवारचं काय, या काळजीत ती होती. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्यांना डोळे चिकटवायचे. मी जातो."

"तू?"

"का? आयुष्यभर नळ्यांचंच काम केलं ना मी."

"लेनर्ड, त्या नळ्या उलटून बोलत नव्हत्या."

मी मनावर घेतलं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कापून वटवाघळं करायची ठरवली. तीन खळग्यांचं एक वटवाघूळ, मधलं डोकं, बाजूचे दोन पंख. कागदावर मापं काढली. सगळे कान सुताराचा काटकोनी गुण्या लावून कापले. दोन संध्याकाळी खपून नऊ वटवाघळं काळ्या रंगात रंगवून वाळत घातली. अर्लीन प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बघत होती.

"मुलांना करायला काही ठेवलंयस का?"

"डोळे ठेवलेत ना चिकटवायला."

"दोन्ही?" तिने विचारलं आणि एका पिशवीत जुने मोजे, बटणं, लोकर आणि वर्तमानपत्रं भरून ती माझ्या हातात दिली. "असू दे. लागेल."

मंगळवारी मी मुलांना आधी मापाचं महत्त्व समजावून सांगितलं. पहिल्या रांगेतल्या रूफसने शंका विचारली, "आजोबा, तुमच्या नाकात केस का आहेत?" मग डोळे चिकटवायला घेतले. चार मिनिटांत नऊच्या नऊ वटवाघळं तयार. भिंतीवरच्या घड्याळात पन्नास मिनिटं उरली होती आणि नऊ जण माझ्याकडे बघत होते. मी मुकाट्याने पिशवी टेबलावर उपडी केली.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण बराच वेळ माझी मिशी लोकरीला चिकटलेली होती. पण रबरी बूट घातलेली ओडेसा नावाची एक मुलगी लक्षात राहिली. तिने पांढऱ्या मोज्यात वर्तमानपत्र कोंबून भूत केलं. एक बटण कपाळावर चिकटवलं, दुसरं पार खाली पोटावर. माझ्याच्याने बघवेना. ती कात्री आणायला गेली तेवढ्यात मी दोन्ही बटणं काढून एका ओळीत बसवली.

परत आल्यावर तिने भुताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे आता तुमचं झालं."

"अगं, मी फक्त डोळे सरळ केले."

"त्याला पोटातून बघायचं होतं." तिने भूत माझ्यापुढे ठेवलं, दुसरा मोजा घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. जरा वेळाने तिला दया आली असावी. "तुम्ही हे धरा," म्हणून तिने गोंदाची बाटली माझ्या हातात दिली. तास संपेपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

भूत घरी आणलं. अर्लीन पोट धरून हसली, पण मला काही चैन पडेना. शेवटी पिट्सबर्गला मुलीला फोन लावला.

"कोरिन, तू सहा वर्षांची असताना मी तुला हॅलोविनला यंत्रमानव केलं होतं, आठवतं? पत्र्याच्या डब्यांचा, दिवे लागणारा. पहिलं बक्षीस मिळालं होतं."

"आठवतं ना. मला मांजर व्हायचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, बाबा. दोनदा. तू डाग देऊन पत्रे सांधत होतास. मला त्यात बसता येत नव्हतं. शाळेत सगळी पोरं बसून खात होती, मी उभ्याने डोनट खाल्ला."

सव्वीस वर्षं मी ती गोष्ट चारचौघांत मिरवत होतो. मी घसा खाकरला. पाणी प्यायलो. मग म्हणालो, "चुकलं माझं."

"बाबा, फोन ठेवू नकोस. हे परत म्हण, मी स्पीकरवर टाकते. जेरोमलाही ऐकू दे."

मी परत म्हणालो. जावयाने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

पुढच्या मंगळवारी कागदी थाळ्यांचे मुखवटे होते. मी हात खिशात घालून गेलो. रूफसने मुखवट्याला डोळ्यांची भोकंच पाडली नाहीत. हात खिशातल्या खिशात वळवळत होते, पण बाहेर काढले नाहीत. तो मुखवटा घालून सरळ पुस्तकांच्या कपाटावर आदळला आणि भुताने ढकललं म्हणून खूश झाला.

नाताळाआधी अर्लीनचं प्लास्टर निघालं. आता मंगळवारी आम्ही दोघंही जातो. ती मुलांजवळ बसते, मी टेबलाखाली पडलेली बटणं वेचतो. या कामाबद्दल अजून तरी कुणाची तक्रार नाही.