पाळणाघर कोणत्या खात्यात बसतं

पाळणाघर बघायला परदेशातून पाहुण्या येणार म्हटल्यावर गावाने मंडप घातला. पडघ्याच्या अलीकडे भिवंडीच्या बाजूला हे गाव, आणि इथे मंडपाशिवाय कुणाचं काही होत नाही. पाहुण्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या. जगभरातल्या बायकांना सक्षम करण्याचं काम ही संस्था करते आणि आमच्या पाळणाघराचा खर्चही तीच देत होती. मी पाळणाघर चालवते. शिवाय इंग्रजी येतं, म्हणून त्या दिवशी फुकटची दुभाषी.

गावाला चारही बाजूंनी गोदामं. आगरी घरांतल्या सुना आणि वरच्या आदिवासी पाड्यावरच्या बायका तिथे पॅकिंगच्या शिफ्ट करतात आणि पोरं आमच्याकडे ठेवतात. आता संस्थेने कळवलं होतं, की यापुढे पाळणाघराला मदत नाही. कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. म्हणे, पाळणाघर हा मुलांचा विषय. आमच्याशी बोलणारं खातं बायकांचं. मुलांचं खातं निराळं, आणि त्याचं आमच्या भागात कामच नाही. बायकांसाठी यापुढे फक्त नेतृत्वाचं प्रशिक्षण. आता पोर आणि आई अशी दोन खात्यांत कशी विभागायची, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो पाड्यावरच्या एका तरुण आईचा. तिचा नवरा ट्रकवर, घरात दुसरं माणूस नाही. गोदामात तिला लाइनची सुपरवायझर करायचं ठरलं होतं. पाड्यावरची बाई सुपरवायझर झालेली आमच्याकडे तोवर कुणी ऐकलीच नव्हती. पाळणाघर बंद झालं की तिला पोर घेऊन घरी बसावं लागणार होतं. पाहुण्यांच्या या एका भेटीवर सगळं अवलंबून होतं.

आणि गावाने काय केलं, तर सत्कार. शाल, श्रीफळ, मग भाषण. पुन्हा शाल, पुन्हा भाषण. पुढे सोफ्यांवर पुरुष मंडळी बसलेली, मागे सतरंजीवर बायका. सोफ्यावर कुणाचा सासरा, कुणाचा दीर, आणि मधोमध गोदामांच्या जमिनीचे मालक. वेळ संपत आला तेव्हा कुठे पाहुण्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" बायकांनी तोंड उघडायच्या आत मालकांनी माइक ओढला आणि सांगून टाकलं, "आमच्या बायका एकदम समाधानी आहेत."

हे वाक्य मला इंग्रजीत सांगायचं होतं. माझ्या जिभेवर भलतंच येत होतं, पण सांगितलं. पाहुण्या बाईंनी मान डोलावली आणि घड्याळ पाहिलं. मला असा संताप आला, की मी त्यांना तिथेच सोडून तडक मागे गेले. सतरंजीच्या कडेला गावातल्या धवलारीण काकी बसल्या होत्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणजे लग्नगीतं गाऊन सगळे विधी करणारी बाई म्हणजे धवलारीण. ती सांगेल तिथे नवऱ्याने बसायचं, ती सांगेल तेव्हा मामाने उठायचं.

"काकी, लगीन लावा," मी म्हटलं.

"कुनाचं गो?"

"या सभेचं."

काकींना दोनदा सांगावं लागत नाही. पदर खोचून त्या थेट पुढे गेल्या आणि त्यांनी खड्या आवाजात धवला धरला. मंडपात धवला सुरू झाला की बोलणाऱ्याने गप्प व्हायचं, ही इथली रीत. माइक हातात धरलेले मालकही थांबले. धवला संपवून काकी म्हणाल्या, "पुरुषांनी आता जेवनाकडं बघा. मंडपान बायका बसतील."

मालक हसले. "काकी, ही मीटिंग हाय."

"तुझी हलद मीच लावली ना रं? तवा बरा मुकाट उठला व्हतास. आता बी उठ."

मालक उठले! त्यांच्या मागोमाग सगळे सोफे रिकामे झाले आणि त्यांवर बायका येऊन बसल्या. मला शिट्टी मारावीशी वाटली.

पाहुण्या बाईंनी सोफ्यावरच्या त्या तरुण आईला विचारलं, "तू आमचं नेतृत्वाचं प्रशिक्षण घेतलंस का?"

"घेतलं ना," ती म्हणाली. "भायेरच्या पायरीवर बसून. पोर रडाय लागलं, तर मॅडमनी सांगितलं, बाहेर जा. सर्टिफिकेट मात्र मिळालं."

मी एकेक शब्द चवीने इंग्रजीत सांगितला. पाहुण्या बाईंचा चेहरा उतरला. पण बाई सरळ मनाच्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे फोन काढून आपल्या साहेबांना पडद्यावर घेतलं. तिकडे नुकती सकाळ झाली होती. साहेबांनी सगळं सौजन्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच गुऱ्हाळ लावलं. हे खातं बायकांचं, ते खातं मुलांचं.

"यांना इचारा," ती आई मला म्हणाली, "तुमच्या हापिसातल्या बाया पोरं कुठं ठेवतात?"

मी विचारलं. "तळमजल्यावर," साहेब म्हणाले. "आमच्या इमारतीत पाळणाघर आहे."

"ते कोणत्या खात्यातून चालतं?" हे मी माझ्या पदरचं घातलं. दुभाष्याने असं करायचं नसतं, पण मला राहवलं नाही. सगळ्यात आधी हसल्या त्या पाहुण्या बाईच. मी मराठीत सांगितल्यावर तर असा हशा उसळला, की जेवणाकडे पाठवलेले पुरुष काय झालं ते बघायला धावत आले. काकींनी त्यांना पुन्हा हाकललं.

पुढे संस्थेचा निर्णय आला. पाळणाघर यापुढे बायकांच्याच खात्यात, आणि तेही फक्त आमचं नाही. ही संस्था बायकांसाठी जिथे जिथे काम करते तिथे तिथे हाच नियम. शिवाय इथली मदत कशावर खर्च करायची हे ठरवायला इथल्या आया बसणार. वाचता वाचता मला रडू फुटलं, आणि मी काही सहजासहजी रडणारी बाई नाही.

मी तशीच गोदामाकडे पळाले. आत सोडत नाहीत, म्हणून वॉचमनने त्या तरुण आईला फाटकापर्यंत बोलावून घेतलं. मी धापा टाकत सांगितलं. तिने डोळे मिटले, माझा हात घट्ट दाबला आणि लगेच सोडून दिला.

"ताई, माल भरायला गाडी लागलीय," ती म्हणाली आणि वळली.

मी फाटकाशी उभी राहिले. आतून तिचा आवाज आला, त्या एवढ्या मोठ्या शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचणारा, "चला, लाइन चालू करा!"

आणि लाइन चालू झाली.