उपाशीपोटीचा आकडा

साखर निघाली तेव्हा मला काही दुखतखुपत नव्हतं. कंटाळा मात्र तेव्हापासून आहे.

चाकणच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं मी क्रेन चालवली. छताखालच्या केबिनमध्ये बसून जड साचे उचलायचे आणि प्रेसवर नेऊन ठेवायचे. मी हात दाखवल्याशिवाय खालची माणसं हलत नसत. एवढा रुबाब मला दुसरीकडे कुठेच मिळाला नाही. वार्षिक तपासणीत साखर वाढलेली दिसली, तेव्हा कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "वर तुम्हाला चक्कर आली तर खाली माणसं आहेत." चार महिन्यांत आकडे उतरले नाहीत तर क्रेन बंद आणि मी स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे एक खुर्ची, एक रजिस्टर आणि नटबोल्ट.

मग कंपनीने माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं, सोबत छोटं यंत्र. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, की आकडा आपोआप त्यांच्याकडे. हाताने लिहायची सोयच नाही; माणसं काय लिहितील हे त्यांना ठाऊक असणार. जेवणाआधी ताटाचा फोटो पाठवायचा. शिवाय आठवड्यातून दोनदा एका मुलीचा फोन. तिला कोच म्हणायचं. "सर, भात अर्ध्या वाटीवर आणलात, खूप छान!" पन्नाशीच्या माणसाला अर्ध्या वाटीसाठी शाबासकी! आधी राग यायचा, पुढे रागाचाही कंटाळा आला. पण आकडे उतरत होते, हे कबूल करायला हवं.

ते श्रेय बायकोचं. आम्ही मोशीत राहतो; ती मूळची तिथलीच, माहेर दोन गल्ल्या सोडून. माझ्यासाठी वेगळी भाकरी, वेगळी भाजी, बिनसाखरेचा चहा. फोटोही तीच काढायची, कारण मला ते पोरकट वाटायचं. ती स्वतः कधी जेवायला बसायची, हे मी पाहिलं नव्हतं.

चौथ्या महिन्याच्या शेवटी पुतण्याची हळद झाली. मी जिलेबी खाल्ली, आणि एकीवर थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आकडे बघणार होते. सकाळी यंत्र पुढ्यात घेतलं, पण बोट टोचायची हिंमत होईना.

"अगं, तुझं बोट दे जरा."

"माझं? कशापायी?"

"आजच्या दिवस. चहा घेतला नाहीस ना अजून?"

"न्हाई." ती समजली. कोचने शिकवल्याप्रमाणे मी तिला साबणाने हात धुवायला लावले आणि थेंब घेतला.

दोनशे अडुसष्ट. माझा पहिल्या दिवशीचा आकडासुद्धा एवढा नव्हता.

"यंत्र बिघडलं आसंल," ती म्हणाली. मी नवी पट्टी लावून माझं बोट टोचलं. एकशे एकोणसाठ, जिलेबी धरूनही डॉक्टरांना चालण्यासारखा. यंत्र ठीक होतं. गेले कितीतरी दिवस ती तांब्याने पाणी पीत होती, आणि मी म्हणत होतो, गॅसपाशी उकडत असेल.

पाचच मिनिटांत कोचचा फोन. "सर, लागोपाठ दोन आकडे आलेत. दोनशे अडुसष्ट चुकून आलाय का? हात धुवायचे राहिले होते का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. एकशे एकोणसाठ राहिला असता आणि क्रेनही. बायको ओट्यापाशी उभी राहून खुणेने तेच सांगत होती, हो म्हणा.

"चुकून नाही," मी म्हणालो. "तो माझ्या बायकोचा आहे. मीच टोचलं तिचं बोट."

क्रेन गेली, हे मी धरून चाललो. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "काकूंना आजच डॉक्टरांकडे न्या. आणि मला सांगा, त्या रोज काय जेवतात?"

चार महिने माझं एकेक ताट त्या फोनमध्ये गेलं होतं, आणि हिच्या ताटातलं मला काही सांगता येईना. मला माझीच लाज वाटली. फोन कानापासून दूर धरून मी बायकोलाच विचारलं.

"काय सांगू आता?" ती म्हणाली. "तुमचा कमी केल्याला भात. आन तुमच्या वाटणीचं गोड. टाकवत न्हाई."