मेंढ्यांच्या वाटेवरची वहिनी

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा ती नेमकी कुठली हे धुळ्यात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. गल्लीतल्या बायका तिला नेपाळी म्हणायच्या. आबा विचारणाऱ्याला "हिमालयाकडची आहे" एवढं सांगून पेपर वर धरायचे. आई त्याहून कमी बोलायची. "पोरानी आणेल शे," असं म्हणून ती आत निघून जायची.

माझा मोठा भाऊ लष्करात ट्रक चालवायचा. बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर त्याला पिथौरागड जिल्ह्यात पाठवलं होतं, सीमेकडच्या नव्या रस्त्यावर सामान पोचवायला. तिथं एका वादळात तो अडकला आणि त्याच्या पायाची बोटं बर्फानं गेली. वाटेवरच्या एका घरानं त्याला चुलीपाशी ठेवून घेतलं, काढे पाजले, जगवलं. त्याच घरातल्या मुलीशी लग्न करून तो परत आला आणि आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात कामाला लागला. चालताना किंचित लंगडायचा, पण त्याबद्दल कधी बोलायचा नाही.

वहिनी कामाला वाघ होती, पण घरात तिचा जीव लागत नसे. भाजी निवडता निवडता उठायची, दारापर्यंत जायची, उगाच रस्त्याकडे बघून परत यायची. चैत्र लागला की तिची तगमग वाढायची. पहिल्या वर्षी तर एका सकाळी आम्ही उठून बघतो तर भांडी पोत्यात, गोधड्या दोरीनं बांधलेल्या, पीठ-मिठाचे डबे कापडात गुंडाळलेले.

आई कपाळावर हात मारून ओरडली, "बठ्ठं घर बांधी ठेवेल शे! कोठे जाई ऱ्हायनी वं माय?"

वहिनी गोंधळून उभी राहिली. मग तिच्या हिंदीत म्हणाली, "कुठे नाही. वर जायचे दिवस आले, म्हणून हात आपोआप चालले."

त्या दिवशी दुपारी गोधड्या सोडताना तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिच्या खोऱ्याचं नाव जोहार. मधून गोरी नावाची नदी, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि वर, जिथं झाडं संपतात तिथं, त्यांचं उन्हाळ्याचं गाव मीलम. थंडीत तिथं राहणं शक्य नाही, म्हणून प्रत्येक घराचं खाली दुसरं घर. वर्षातून दोनदा अख्खं गाव उठायचं. म्हातारे, तान्ही पोरं, कुत्री, कोंबड्या, देवसुद्धा. तिचा जन्मही वाटेतच झालेला. "आई सांगायची, संध्याकाळी तू झालीस आणि सकाळी आम्ही पुढे निघालो."

तिचे लोक व्यापारी. बकऱ्या-मेंढ्यांच्या पाठीवर दोन बाजूंना छोट्या पिशव्या बांधून धान्य, गूळ आणि कापड घेऊन ते खिंडीपलीकडे तिबेटात जायचे आणि तिकडून मीठ, लोकर, सोनारांना लागणारा टाकणखार आणायचे. तिकडे प्रत्येक घराचा एक ठरलेला मित्र असायचा. तिच्या पणजोबांनी कुणा तिबेटी माणसाबरोबर एका प्याल्यातून चहा प्यायला होता, तेव्हापासून त्या घराशीच सौदा. खाली चंद राजे होते, मग गोरखे आले, मग इंग्रज. सगळे आपापला कर मागून गेले, पण मिठाची वाट कुणी बंद केली नाही. ती लढाईत बंद झाली. एका उन्हाळ्यात खिंडीवर पहारा बसला आणि त्या मित्राच्या घरात कोण जिवंत आहे हेसुद्धा कळेनासं झालं.

मी ऐकत होते आणि माझ्याही पायांना काहीतरी होत होतं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. दर पंधरवड्याला कुणीतरी बघायला यायचं, मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर जायचे, खाली मान घालून बसायचे. नंतर गच्चीवर येरझाऱ्या घालायचे. वहिनी तिथं आधीच येरझाऱ्या घालत असायची. आम्ही दोघी एकमेकींच्या बाजूनं जायचो-यायचो.

असे दोन-तीन चैत्र गेले. मग मी शेवटच्या वर्षाला असताना, दिवाळी आटोपल्यावर ते घडलं.

जळगावची माणसं मला बघायला येणार होती. सराफ बाजारात दुकान असलेलं मोठं घर. आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. वहिनीला तिनं कोथिंबीर आणायला पिटाळलं. तासभर झाला तरी वहिनी नाही. आई म्हणाली, "जा, बघ कुठं उभी राहिली ती. आणि लगेच परत ये."

बाजारात ती नव्हती. पांझरेच्या पुलावर एक दूधवाला भेटला, तो म्हणाला, "तुमच्या वहिनी ना? ठेलाऱ्यांच्या मेंढ्यांमागे देवपूरकडे गेल्या. हातात पिशवी होती."

ठेलारी म्हणजे आमच्याकडचे मेंढपाळ. साक्रीकडून दिवाळीनंतर निघतात, घोड्यांवर बिऱ्हाड लादून चाऱ्यामागे महिनोन्‌महिने फिरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मी त्यांना जन्मापासून बघत आले होते, म्हणजे खरं तर कधीच बघितलं नव्हतं. मेंढ्या आल्या की रस्ता अडायचा, तेवढंच.

देवपूरच्या पुढेही ती दिसेना. शेवटी मी शिरपूरची मोटार पकडली आणि खिडकीला तोंड लावून बसले. बरंच अंतर गेल्यावर रस्त्याच्या कडेला धुळीचा लोट दिसला. त्यात मेंढ्या, तीन-चार घोडी, आणि एका ठेलारणीच्या बरोबरीनं चालणारी आमची वहिनी. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर कोकरू. कंडक्टरला ओरडून मी मोटार थांबवली.

मला बघून ती दचकली नाही. हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला घरात कधी बघितलं नव्हतं.

"वहिनी, घरी चल. पाहुणे येणार आहेत."

"हो, जाऊ या. हे कोकरू थकलंय, पुढच्या ओढ्यापर्यंत नेते."

ओढा आला. कोकरू उतरलं, पाणी प्यालं, चालायला लागलं. वहिनी पण चालायला लागली. मी थांबले. मागे धुळ्याचा रस्ता होता, मोटार मिळाली असती, तोंड धुऊन साडी बदलायला वेळही मिळाला असता. मी थोडा वेळ मागे बघितलं. मग चपला नीट केल्या आणि तिच्या मागे निघाले.

ठेलारीण वयानं मोठी होती. तिनं वहिनीला विचारलं, "तुन्हं गाव कोठे शे?"

"हिमालयात."

"ते कोठे शे?"

वहिनीनं उत्तरेकडे हात केला. ठेलारीण तिकडे बघून म्हणाली, "शिरपूरना पुढे?"

"खूप पुढे," वहिनी म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या. मग तिनं त्या बाईला आपल्याकडची मेंढ्या हाकायची शीळ घालून दाखवली. मेंढ्यांनी लक्ष दिलं नाही. ठेलारणीनं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला, तेव्हा अख्खा कळप वळला. वहिनी तो आवाज पुढे मैलभर घोटत राहिली.

उन्हं उतरली तेव्हा सोनगीरचा किल्ला दिसायला लागला होता. एका शेतकऱ्यानं आपल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवायला बोलावलं होतं, तिथं कळप थांबला. ठेलारणीनं आम्हाला बाजरीची भाकरी दिली. आम्ही ती खात असतानाच, वाटेत विचारत विचारत आलेला भाऊ गॅरेजमालकाच्या जीपमधून उतरला. मला वाटलं, आता तो ओरडेल. तो लंगडत आला, वहिनीसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "पळून चालली होतीस?"

"नाही हो. पळणारा माणूस मागे बघतो. मी बघितलंच नाही."

भाऊ तिच्या हातातली अर्धी भाकरी घेऊन खायला लागला. खाता खाता म्हणाला, "माहेरी न्यायला हवं होतं तुला. मलाच तिकडे जायची हिंमत होत नव्हती."

जळगावचे पाहुणे पोहे खाऊन निघून गेले होते. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आबा एकदाच म्हणाले, "तुला जळगावला जायचंच नव्हतं तर सांगायचंस." मी म्हणाले, "आता सांगते आहे, आबा." त्यांनी पेपर खाली ठेवला. पुढची स्थळं त्यांनी परीक्षेपर्यंत तरी थांबवली.

परीक्षा संपल्यावर वैशाखात आम्ही तिघं निघालो. आगगाड्या, मग बस, मग नुसते पाय. मुनस्यारीला, तिच्या वडलांच्या खालच्या घरी पोचलो तेव्हा समोर दरीपलीकडे पाच शिखरं एका रांगेत उभी होती. त्यांना पंचचूली म्हणतात. स्वर्गात जाण्याआधी पांडवांनी तिथं शेवटच्या चुली मांडल्या, असं तिकडचे लोक सांगतात. मला वाटलं होतं की हिमालय बघून मन शांत होईल. तसं काही झालं नाही. ती शिखरं सतत बदलायची, ढगात जायची, बाहेर यायची, आणि माझी नजर ठरायची नाही.

वहिनीचे वडील उंच, बारीक डोळ्यांचे, मऊ बोलणारे. जनावरं त्यांनी विकून टाकली होती. लष्कराच्या रस्त्यालगत साबण, बिड्या, काड्यापेट्यांचं दुकान मांडलं होतं. वरच्या गावाला जायला परवाना लागायचा, आम्हा परक्यांना तो मिळाला नाही. वहिनीनं विचारलं, "बाबूजी, आपलं घर?"

"छप्पर गेलं. शेजारचंही गेलं. काही लोक अजून वर जातात, बटाटे लावतात. पण व्यापारच नाही, तर मी वर जाऊन करू काय?"

ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी वरच्या वाटेनं निघायचे. पहिल्या वळणापर्यंत जायचे, तिथं जरा थांबायचे आणि परत येऊन कुलूप काढायचे. वहिनी दारातून हे बघायची. एका सकाळी तीही त्यांच्याबरोबर गेली. परत आल्यावर भाऊला म्हणाली, "चला आता. इथे राहिले तर मीपण वळणापर्यंतच जाईन."

निघताना वडलांनी तिला तिच्या आजीचा, कमरेला बांधून चालवायचा माग दिला.

परतल्यावर वहिनी शांत झाली, असं मला लिहिता येणार नाही. ती उलट जास्तच उतावीळ झाली. पावसाळ्यात तिनं साक्रीला जाऊन त्या ठेलारणीला शोधून काढलं. मेंढ्या कातरल्या की लोकर विकत घ्यायची, घरी आणून कातायची, विणायची, असं ठरवून आली. आईनं कडाडून विरोध केला. घरात लोकर, लोकरीचा वास, आणि सून गावोगाव. भाऊ म्हणाला, "आई, या बाईच्या घरच्यांनी मला जगवलं. तिला मी गल्लीत कोंडून मारू का?" त्यानंतर आई बोलायची, पण अडवायची नाही.

दिवाळी झाल्यावर वहिनी कळपाबरोबर गेली. तोवर मला शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत नोकरी लागली होती. पौषात सुट्टीला मी घरी आले त्याच दिवशी ती लोकरीचे गठ्ठे घेऊन एका ट्रकमधून उतरली. टाचा फुटलेल्या, चेहरा उन्हानं काळवंडलेला. आईनं आधी गरम पाणी दिलं, मग ताट वाढलं. पहिला घास तोंडात असतानाच वहिनी आम्हाला सांगू लागली की तापीपलीकडे एक नवी वाट कळली आहे, तिकडच्या लोकरीत काटे कमी असतात, आणि फाल्गुनात तिकडे जावंच लागेल.