बंदुकीवरची दुर्बीण आणि आमचे साडू

बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणींबद्दल आमच्या साडूंइतकं जाणणारा, आणि बंदुकीच्या जवळपासही न फिरकलेला माणूस साऱ्या आशिया खंडात दुसरा सापडायचा नाही. त्यातून ते शुद्ध शाकाहारी, आणि राहायला सिंगापुरात, म्हणजे बंदुकीचं नुसतं नाव काढतानाही आवाज आपोआप खाली येणाऱ्या गावात. चोआ चू कांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन जिन्यात सोडून येतात आणि त्यापायी शेजाऱ्यांची बोलणी खातात.

साडूंचा मूळ आजार शिकारीचा नव्हे, निवडीचा. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत कुठली सॉफ्टवेअर घ्यावी हे ठरवायचं त्यांचं काम, आणि ऑफिसातली ती सवय ते रोज एमआरटीच्या मेट्रोतून घरी घेऊन येत. भाताचा कुकर घ्यायला त्यांना चार महिने लागले. सात कुकर, एकोणीस रकाने, प्रत्येक रकान्याला गुण. तोवर ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पातेल्यात भात करत राहिली, आणि कुकर आला तेव्हा तिला पातेलंच बरं वाटू लागलं होतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊच्या गाळ्यांवर, आम्ही डोसा खाऊन हात धुऊन आलो तरी हे आपले कुठली रांग लवकर सरकते याचा अंदाज घेत उभेच. "घाईनं घेतलेली वस्तू जन्मभर छळते हो," असं वर आम्हालाच ऐकवायचे.

अशा माणसाला त्यांच्या थोरल्या भावानं ऑस्ट्रेलियातून विचारलं, "बंदुकीची दुर्बीण बदलायची आहे. कुठली घेऊ, सांग." दादांचा तिकडे फळबागेचा मळा. वहिनी गेल्यापासून एकटेच राहतात. ससे रोपांच्या साली कुरतडतात म्हणून परवान्याची बंदूक बाळगलेली. मळा विका आणि शहरात माझ्याकडे या, असा मुलाचा सारखा धोशा, आणि दादांचं उत्तर ठरलेलं, "ससे मला आवरताहेत तोवर मी इथून हलायचा नाही."

साडूंना पर्वणीच! पुढचे तीन आठवडे त्यांच्या तोंडी पॅरॅलॅक्सशिवाय शब्द नव्हता. मी वुडलँड्सच्या आमच्या घरून बिचारा चहाला जायचो आणि तो विषय घेऊन परत यायचो. दुर्बिणीतली फुली आणि निशाणाचं अंतर यांचं जुळलेलं नसेल, तर डोळा जरासा हलला तरी फुली निशाणावरून सरकल्यासारखी दिसते. हे जुळवायचे प्रकार तीन. एकीत पुढच्या टोकाला फिरवायचं कडं, दुसरीत डाव्या अंगाला बटण, आणि तिसरीत काहीच नाही, कारखान्यातच एका अंतरावर पक्कं करून दिलेलं. मला हे कळेना म्हणून त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीला दोऱ्यांची फुली चिकटवली आणि कॉरिडॉरमधून समोरच्या ब्लॉकवर रोखली. चौथ्या दिवशी तिथल्या चिनी आजीबाईंनी त्यांना खाली गाठलं. "अंकल, एव्हरी डे यू लूक माय लॉन्ड्री, फॉर व्हॉट?" साडूंनी त्यांनाही पॅरॅलॅक्स समजावला. आजीबाई "क्रेझी, लाह!" म्हणून निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिडकीबाहेर फक्त चादरी वाळू लागल्या.

अखेर निकाल लागला. डाव्या अंगाचं बटण पहिलं, शंभरात एक्क्याण्णव गुण. बंदुकीवर टेकलेला गाल न उचलता डाव्या हातानं फिरवता येतं, यात सगळं आलं. दादांनी कळवलं, "नको." मग पुढचं कडं? "तेही नको. काही फिरवायचं नसलेली सांग." तिला बिचारीला चौतीस गुण होते. साडू भडकले. "बँकेतही असलीच माणसं भेटतात. काय हवं ते सांगायचं नाही आणि दिलेलं घ्यायचं नाही!" त्यांनी सख्ख्या भावाला चाळीस प्रश्नांचा फॉर्म धाडला. दादांनी सगळा भरला, फक्त 'डाव्या हाताने बटण फिरवण्यात अडचण काय?' याच्यापुढची जागा कोरी ठेवली. साडूंनी तीन स्मरणपत्रं पाठवली, तिन्हींच्या शेवटी 'सस्नेह' लिहून.

मग एका रविवारी, आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना, त्यांनी दादांना व्हिडिओ कॉल लावला आणि स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. "हे बघ दादा, ही बंदूक. गाल असा टेकव. आता डावा हात वर घे. अरे, घे ना! तू घेतच नाहीयेस."

दादा जरासे हसले. मग उजव्या हातानं आपलं डावं मनगट धरून त्यांनी तो हात उचलला आणि टेबलावर आणून ठेवला. बोटं मिटलेली होती. "अर्धांगाचा झटका येऊन गेला रे. तीन महिने झाले. शेजारी होता म्हणून दवाखान्यात पोचलो. पोराला बोलू नकोस, उद्याच मळा विकायला काढेल."

ताई वाढता वाढता थांबली. साडूंच्या हातातलं लाटणं तसंच गालाशी. या माणसाला मी अठरा वर्षं ओळखतो, पण क्षणाचाही विचार न करता बोलताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मग पक्कीच घे, दादा. फिरवायची भानगडच नको. तुझे ससे कुठे एवढे लांब असतात? गाल रोज एका जागी टेकला म्हणजे झालं." आवाज स्थिर ठेवायला त्यांना किती जड गेलं ते मला समोर दिसत होतं, आणि मघापर्यंत मी त्यांना हसत होतो याची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात, मिळालं ते तिकीट काढून, ते ऑस्ट्रेलियाला गेले. पंधरा दिवसांनी परतले ते हातांवर ओरखडे घेऊन. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून दादा एका हातानं नेम धरतात, चारांत एक लागतो, म्हणाले. "पण चारांत एकावर मळा राहतो का हो? म्हणून मी एकेका रोपाला तारेची जाळी बांधून आलो. सगळ्या रोपांना. आता आला ससा तर आला."

"आणि मुलगा?" मी विचारलं.

"मी निघायच्या आदल्या दिवशी दादानंच त्याला फोन करून सांगितलं. पोरगा म्हणाला, पुढचं पीक निघेपर्यंत राहा, मग बघू." साडूंनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "दादा विमानतळावर सोडायला आला होता. गाडी शेजाऱ्यानं चालवली. मी आत जाईपर्यंत हात हलवत होता. पण मला आपला त्याचा दुसराच हात दिसत होता."