मिठाचा दगड आणि लंगडं चितळ

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. डहाणूच्या बाजारात माझं बटणं, लेस आणि अस्तराच्या कापडाचं दुकान आहे. तिथे दिवसभर जी गिऱ्हाइकं भेटतात, त्यांच्यापुढे भूत म्हणजे अगदीच सज्जन वाटावं! तरीही हे लिहायला बसले आहे... कारण रांगोळी मी स्वतःच्या हातानं पसरली होती.

तलासरीच्या पुढे, हायवे सोडून आत, जंगलाला लागून आमची चार एकर जमीन आहे. बाबांनी ती तरुणपणी घेतली ती शेतीसाठी नाही, शिकारीसाठी. तेव्हा बंदी आली नव्हती. बाबांकडे परवान्याची बंदूक होती आणि सोबतीला दोन टेकड्यांपलीकडच्या पाड्यावरचा सोमा. बाबांच्याच वयाचा. पालापाचोळ्यावरून जनावर कधी गेलं, किती दमलेलं होतं, हे सांगणारा माणूस. दोघं एका ताटात जेवायचे.

सोमाचा एकच नियम होता. जिथे आपण मीठ ठेवलं, तिथे बार काढायचा नाही. चितळांना मीठ फार आवडतं. पण मीठ चाटायला आलेलं जनावर म्हणजे आपल्या पानावर बसलेला पाहुणा.

एकदा बाबांना हात आवरला नाही. मिठावर आलेल्या नरावर त्यांनी बार काढला. गोळी मागच्या डाव्या पायाला लागली आणि चितळ लंगडत जंगलात पळालं. त्याचे हाल संपवावेत म्हणून सोमा तीन दिवस माग काढत फिरला. सापडलं नाही. चौथ्या दिवशी तो आला, काडतुसांचा पट्टा आमच्या पायरीवर ठेवला आणि न बोलता निघून गेला. तेव्हापासून तो आमच्याशी बोललेला नव्हता. बाबांनीही पुन्हा बंदूक उचलली नाही.

आता बाबा चौऱ्याऐंशीचे. दिवाळीनंतर त्यांनी हट्ट धरला, "मंगल, मला जमिनीवर नेऊन ठेव. तिथेच राहीन." शनिवार-रविवार मी जाते, एरवी शेजारची ताई स्वयंपाक करते. गेल्या गेल्या त्यांनी फर्मान काढलं, "सैंधवाचा दगड आण. गुरांना चाटायला ठेवतात तो."

"गुरं कुठायत आपल्याकडे?"

"चितळांना."

"बाबा, इथे चितळ दिसून तीस वर्षं झाली."

"मग भूक लागली असेल त्यांना," बाबा म्हणाले.

तिथल्या घरासमोरच्या मोहाच्या झाडाखाली दगड ठेवला. पुढच्या शनिवारी पाहते तर दगडाला मधोमध खळगा! गुळगुळीत, जिभेनं चाटून चाटून होतो तसा. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी एकपात्री प्रयोगात बक्षीस मिळवलंय.

मी वनरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "साळिंदर असेल, मॅडम. नाहीतर कोणाची बकरी. चितळ या बाजूला नाही."

मला बकरीच पटली. म्हणून मी दुकानातली कापड मोजायची मोठी पट्टी घेतली, दगडाभोवती चांगली पाच हात जमीन सपाट केली आणि त्यावर बारीक चाळलेली रांगोळी पसरली. मुंगी चालली तरी उमटेल अशी! दिवसभर ओट्यावर बसून राहिले, फक्त दुपारी जेवायला आत गेले. बाहेर येते तो दगड ओला. खळगा आणखी खोल. आणि रांगोळी... जशीच्या तशी. एक ठसा नाही.

"बाबा, तुम्ही पाणी ओतलंत?"

"ओट्याच्या तीन पायऱ्या उतरायला मला अर्धा तास लागतो. ठसे न उमटवता उडत गेलो असेन."

असे तीन आठवडे गेले. बाबा रोज ओट्यावर बसायचे. एकदा सहज म्हणाले, "एवढंच वाटतं, जाण्याआधी सोमानं एक शिवी तरी द्यावी. गप्प बसून मारलंय त्यानं मला." मी चहा ढवळत राहिले.

आणि मग त्या रविवारी, सकाळी अकराच्या उन्हात, काठी टेकत एक वाळकी आकृती फाटकातून आत आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ओट्यासमोर उभं राहून तो ओरडला,

"बाळू! तुजं जनावर आवर!"

सोमानं बाबांना उद्देशून साठेक वर्षांनंतर बोललेलं पहिलं वाक्य. बाबांनी या भेटीसाठी किती भाषणं पाठ केली असतील देव जाणे! प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते, "चहा घेतोस?"

"साखर जास्त घाल," सोमा म्हणाला आणि पायरीवर बसला. नेमका त्याच पायरीवर.

मी विचारलं, "काका, कुठलं जनावर?"

"चितळ. महिना झाला. सून अंगण सारवते नि हे येऊन तुडवून जाते. तीन खूर नीट, मागचा डावा ओढलेला, हातानं चाचपलंय मी. ते बाळूचंच. दुसऱ्या कोणाचं असेल?"

आता जरा नीट ऐका. आमच्याकडे दगड चाटला जात होता, पण ठसे नव्हते. दोन टेकड्यांपलीकडे ठसे होते, पण मीठ नव्हतं!

बाबा खाली मान घालून म्हणाले, "चुकलो मी, सोमा."

"ते मला ठाऊक हाय. तू बोलायला का नाय आलास?"

"तू हाकलून दिलं असतंस."

"दिलं असतं. पण तू यायचं होतंस."

सोमा त्या दिवशी आमच्याकडे जेवला. भात, वालाची आमटी, सुकट. बाबांनी आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि दोघं एकाच ताटात जेवले. हात धुताना सोमाची नजर मोहाकडे गेली. मोतीबिंदूमुळे ज्याला शेजारी उभ्या माझा चेहराही दिसत नव्हता, तो म्हणाला, "बघ, आलाय. लंगडतोय अजून."

मोहाखाली काहीही नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं. पण बाबा त्याच दिशेला बघत हळूच मान हलवत होते.

निघताना सोमानं दगडाचा एक तुकडा फोडून मागितला. "माज्या दारात येतं, तर रिकाम्या तोंडानं कसं जाऊ देऊ?"

आठवड्यानं त्याच्या सुनेचा फोन आला, "ताई, बाबांना घेऊन या. लवकर." सोमाचं काही बरंवाईट झालं असं धरून मी गाडी काढली. गाडी पाड्यावर पोचली तर सोमा ठणठणीत, अंगणाच्या कडेला उकिडवा बसलेला. ओल्या सारवणात ठसे उमटले होते. मिठाच्या तुकड्यापर्यंत आलेले आणि तिथून जंगलाकडे गेलेले.

चारही खूर नीट टेकलेले. एकही ओढलेला नाही.

बाबा माझ्या आधारानं वाकले आणि मागच्या डाव्या खुराच्या ठशावर त्यांनी तळहात ठेवला. बराच वेळ. मग सोमा म्हणाला, "आता परत बंदूक आणू नको."

"गाढवा, काठीशिवाय उठता येत नाही मला!"

"मग ठीक हाय," म्हणत सोमानंच त्यांना हात देऊन उठवलं.

त्यानंतर ठसे उमटले नाहीत आणि आमचा दगडही तसाच कोरडा पडून आहे. साळिंदर असेल, बकरी असेल, दोन म्हाताऱ्यांनी मिळून मला बनवलं असेल, सगळं तपासून झालं. रांगोळीचं उत्तर मात्र मिळत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा, पण गुरुवारी सांगू नका. दर गुरुवारी सोमाकाका जेवायला येतात, आणि मी दुकान बंद ठेवून बाबांकडे वाल सोलत असते.