मास्तरांची काळी पाच

हे मी लिहिणारच नव्हते. मास्तरांच्या दातांबद्दल गावभर कशाला सांगायचं, असं वाटत होतं. पण काल त्यांच्या घरच्या निर्मलाकाकूच म्हणाल्या, "लिही गं! ह्यांनी स्वतःच अख्ख्या राजपुरा मोहल्ल्याला तोंड उघडून दाखवलंय."

तर लीलाधर मास्तर. वय चौसष्ट. लग्नाच्या बँडचे मास्तर, क्लॅरिनेट वाजवतात. चाळीस वर्षं वराती केल्या. आता त्यांचे वरचे पुढचे दात हलतात, आणि क्लॅरिनेट नेमकी त्याच दातांवर टेकते. येत्या एकवीस तारखेला डॉक्टर ते काढणार. कवळी लावून तसाच सूर निघेल की नाही, कुणालाच माहीत नाही. त्याआधी आपला सूर एकदा नीट रेकॉर्ड व्हावा, एवढंच त्यांना हवं होतं. लग्नांच्या शूटिंगमध्ये नवरदेव आहे, फटाके आहेत, मास्तरांची क्लॅरिनेट कुठंच ऐकू येत नाही.

आणि मला हवं होतं संगीत. तापीवरच्या पक्ष्यांवर मी कॉलेजसाठी चार मिनिटांची फिल्म बनवलीय, तिला मोठ्या ऑर्केस्ट्रासारखं काहीतरी. नेटवर बघून कागदावर लिहून नेलं: टेम्पो साठ, सूर पांढरी दोन, मूड उदास आणि भव्य.

मास्तरांनी कागद वाचला. "उदास कशाला? कोण मेलं?"

"कोणी नाही मास्तर, पण नेचरच्या फिल्मला असंच असतं ना."

"फिल्म दाखव आधी."

मोबाइलवर तापीच्या जैनाबादकडच्या काठावरचा माझा बगळा. पाय उचलतो, थांबतो, ठेवतो. मास्तर मांडीवर थाप देत बघत राहिले.

"हा तर नवरदेवापेक्षाही सावकाश चालतोय. आणि उदास बिलकुल नाही बेटी. मासा मिळणारच, पक्का भरोसा आहे त्याला." मग माझ्याच पेनानं पांढरी दोन खोडली आणि काळी पाच लिहिलं. म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. "आमची पितळी वाद्यं इथंच मोकळी वाजतात."

रविवारी सकाळी बुधवारा मोहल्ल्यातला एक हॉल मिळाला. मास्तर धरून नऊ जण आले. मी व्हिडिओत बघितलं होतं तशा खुर्च्या अर्धगोलात मांडल्या. सगळे बसले, एकदम झकास दिसत होते.

आणि सगळं बिघडलं! सुरुवात बरोबर, पण दुसऱ्या मिनिटाला बँड बगळ्याच्या पुढं धावायला लागला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"भिकनभाऊ, हळू ना!" मी मोठ्या ढोलवाल्या भिकनभाऊंवर ओरडले.

"मी हळूच आहे बाई, हातच पळतोय!"

मास्तरांच्या रुमालावर लाल डाग होता. "अजून एकदा होईल," ते म्हणाले. "दोनदा नाही."

मला रडू फुटलं. "राहू द्या मास्तर, मी कॉम्प्युटरवर करते काहीतरी."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. खुर्च्यांखाली बघत होते. अठरा पाय, सगळे रिकामे बसलेले.

"अरे, आपण बसून वाजवतोय!" मास्तर हसायलाच लागले. "जिंदगीत कधी बसून वाजवलं का रे? आपला ठेका पायात आहे. उठा! बूट काढा सगळे, पावलांचा आवाज नको!"

खुर्च्या भिंतीला लागल्या. मधोमध स्टुलावर फिल्म लावलेला मोबाइल ठेवला, शेजारी रेकॉर्डिंगला दुसरा, भोवती नऊ जण अनवाणी, गोल फिरायला तयार.

भिकनभाऊ म्हणाले, "मास्तर, नवरदेव कुठंय?"

"तो बगळा. त्याच्या पुढं गेलास तर नाश्ता कट."

दातांना धक्का बसू नये म्हणून मास्तरांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाताखाली धरला आणि चालायला लागले. पाऊल, थांबा, पाऊल. या वेळी ढोल एकदाही पळाला नाही. शेवटी बगळा उडतो तिथं सगळे थांबले आणि एकटी क्लॅरिनेट वर वर गेली. मी तोंडावर हात दाबून उभी होते, माझाच हुंदका रेकॉर्ड झाला असता.

मोबाइलवर ऐकताना मास्तर म्हणाले, "इथं श्वास चोरलाय मी." मग शेवटचा सूर परत लावायला सांगितला. दोनदा. मग मान डोलावली. "हाव, हाच माझा सूर."

फिल्म तुम्हाला नंतरही बघता येईल. पण एकवीसच्या आधी राजपुऱ्यात जाऊन या ना, प्लीज. सकाळी सातला मास्तर घराच्या ओट्यावर वाजवतात. काळी पाच ऐकायचीय म्हणा, आणि त्यांनी चालायला लावलं तर चपला काढून चाला.