सिकंदर गेल्यानंतरचं भाषण

दादा गेल्याचं मला दादरला, आमच्या शाळेत कळलं. सातवीचा तास चालू होता आणि शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. एरवी तो चिठ्ठी हातात कोंबतो नि चालू लागतो, म्हणून मी खडू खाली ठेवला. मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन कानाला लावला तर गिरगावातले शेजारी बोलत होते, "ताई, लगेच निघा." आवाजावरूनच मी ओळखलं आणि खडूच्या हातांनी तशीच निघाले. घरी पोचले तेव्हा वहिनी त्याच्या उशाशी बसली होती. रडत नव्हती. त्याची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होती. आज त्याला दोन महिने होत आले. मधल्या दिवसांत मुंबईसह आपलं महाराष्ट्र राज्य आलं, वाडीत कंदील लागले, पेढे वाटले गेले. कुणीतरी वहिनीच्या हातातही पुडी ठेवली. तिने ती देवापुढे ठेवली आणि स्वयंपाकाला लागली.

दादा म्हणजे नारायण, गिरगावातल्या एका शाळेत इतिहास शिकवणारा माझा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा मला वाढवलं त्यानेच. आणि वाढवलं तेही सिकंदराच्या संगतीत. इतर मुलींना भाऊ राजाराणीच्या गोष्टी सांगायचे, मला हा सिकंदराचं सैन्य वाळवंटातून चालवत आणायचा. पण लढायांत त्याला फारशी गोडी नव्हती बरं का. पुस्तकात काय असतं? सिकंदर आला, पोरसाशी लढला, बियासच्या काठी सैन्य अडून बसलं, तो मागे फिरला, बाबिलोनला वारला, की धडा संपला. तिथे दादाचं डोकं फिरायचं. "अगं, खरी गंमत तर तो मेल्यावर आहे!" म्हणायचा. सरदार राज्यासाठी आपसांत लढले, एकाने इजिप्त बळकावलं, दुसऱ्याने सीरिया, ते सगळं तो सांगायचाच. पण जीव अडकला होता तो हिंदुकुशाच्या पायथ्याशी राहून गेलेल्या ग्रीकांत. त्यांना घरी परतता येईना. मग त्यांनी तिथेच गावं वसवली, तिथल्याच मुलींशी लग्नं केली. त्यांची मुलं आईशी कुठल्या भाषेत भांडत असतील, हा प्रश्न दादाला वर्षानुवर्षं पुरला.

या ग्रीकांत पुढे जे राजे झाले, त्यांची नाणी बघायला तो मला संग्रहालयात न्यायचा. एका बाजूला राजाचं तोंड आणि ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला काय आहे ते दिसायची सोय नाही, कारण नाणं काचेखाली चिकटून बसलेलं. दादा दर खेपेला तिथल्या साहेबांकडे जाऊन मोठ्या अदबीने म्हणायचा, "तेवढं पालथं करून ठेवाल का?" ते हसून वाटेला लावायचे. पण हा कसला ऐकतोय! शेवटी कंटाळून का होईना, एका साहेबांनी पेटी उघडून नाणं पालथं केलं. दादा काचेवर वाकला तो उठेचना. मला भूक लागली होती आणि मी रडायच्या बेतात होते, हे मला चांगलं आठवतंय.

दादाचा जिवाभावाचा मित्र अण्णा. दोघे एका बाकावर शिकले, आणि बिऱ्हाडंही समोरासमोर. अण्णा एका पेढीत कारकून, वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यवाह, आवाज खणखणीत, स्वभाव तापट. संध्याकाळी दोघे चौपाटीवर फिरायला जायचे आणि भांडत परत यायचे. अण्णाचा धाकटा भाऊ मधू हा दादाचा विद्यार्थी. संयुक्त महाराष्ट्रासाठी सारी मुंबई रस्त्यावर उतरली होती, त्या दिवसांत गोळीबारात मधू गेला. घोषणा देत निघाला होता, हातात दगडसुद्धा नव्हता. त्याला खांदा देणाऱ्यांत दादा होता. नंतर सत्याग्रहातही गेला, तुरुंगात बसून आला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे लोक हे सोयीस्करपणे विसरले.

मुंबईसह महाराष्ट्र मागितला आणि पदरात काय पडलं, तर मराठी-गुजराती एकत्र बांधलेलं द्विभाषिक राज्य. लोक धुमसत होते. पुढच्या गणेशोत्सवात वाडीच्या अंगणात दादाचं दरवर्षीचं भाषण ठरलं. अण्णाने बजावलं होतं, "नारायण, यंदा पोरसावर बोल. लोकांना जरा चेव येऊ दे." दादाने मान डोलावली आणि विषय घेतला तो 'सिकंदर गेल्यानंतर'! मी पुढेच बसले होते. सुरुवात छान झाली. जिंकणारा इथे दोन वर्षंही टिकला नाही म्हटल्यावर टाळ्या पडल्या. मग तो हळूहळू आपल्या लाडक्या ग्रीकांकडे वळला. म्हणाला, "या राजांनी नाण्याच्या एका अंगाला आपली ग्रीक घातली, दुसऱ्या अंगाला इथल्या लोकांची प्राकृत. एकाच नाण्यावर दोन भाषा नांदल्या." त्याबरोबर मागून कुणीतरी उठलं. "म्हणजे द्विभाषिक बरं, असंच ना मास्तर?" आता इथे कुणीही शहाणा माणूस 'छे छे' म्हणाला असता. आमचा दादा म्हणाला, "थांबा, मी अजून तिथे पोचलो नाही."

मग काय विचारता... लोक उभे राहिले, कुणी 'बसा खाली' म्हणालं, कुणी त्याहून वाईट. मधूची आई गॅलरीत उभी होती, ती आत निघून गेली. ते अण्णाने पाहिलं. तो मंचावर आला आणि त्याने लाउडस्पीकर बंद केला. "पुरे, नारायण," एवढंच बोलला. दादा त्यानंतरही क्षणभर बोलत राहिला. ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मग त्याने उपरणं खांद्यावर नीट घेतलं आणि जिना चढून घरी आला.

मी त्याला फाडून खाल्लं. "शेवट आधी सांगायला काय झालं होतं तुला?" तर म्हणतो, "आधी सांगितला तर त्याला शेवट कोण म्हणेल, शांते?" अस्सा राग आला मला! म्हटलं, मग जा समोर आणि अण्णाला तरी सांग. तेव्हा मात्र तो गंभीर झाला. "त्याचा भाऊ गेलाय. त्याच्या दारात जाऊन 'माझं बरोबर होतं' म्हणून कसं सांगू? त्याने विचारलं तर सांगेन. पुढे काय, एवढंच विचारू दे त्याला."

अण्णाने विचारलं नाही. चौपाटीवर दोघे वेगवेगळ्या वेळी जाऊ लागले. जिन्यात गाठ पडली की अण्णा भिंतीकडे सरकायचा आणि दादा खाकरायचा. दर गणेशोत्सवात दादा कोट झाडून खुंटीला अडकवायचा. बोलावणं आलंच तर तयारी असावी म्हणून. मला ते बघवत नसे, तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही. तो हसायचा. पण आतून तो खचला होता, हे मी त्याची बहीण म्हणून सांगते. शाळेतल्या मुलांनी टवाळी केली तेव्हा तो इतका खचला नाही. समोरच्या दाराने त्याला खाल्लं.

अंत्ययात्रेत अण्णा होता. खाली मान घालून चालला आणि खाली मान घालूनच परतला. त्यानंतर तो घरी आला तो आत्ता, कंदील उतरवून झाल्यावर, एका संध्याकाळी. मी तिथेच होते. उंबऱ्यातच थांबला. वहिनी म्हणाली, "या भावोजी." खिडकीजवळची दादाची खुर्ची सोडून तो चटईवर टेकला. मग म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी पुढे काय सांगणार होता तो?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि ते गोड नव्हतं. वहिनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती तांदूळ निवडायला बसली की दादा तिच्यासमोर प्रत्येक भाषण म्हणून बघायचा, त्यामुळे तिला ते मुखोद्गत होतं. ती संथपणे सांगू लागली. "हे म्हणणार होते, की नाण्याच्या त्या बाजूला तो राजा स्वतःला 'महाराज' म्हणवून घेतो, इथल्या माणसांच्या बोलीत. एवढा जगज्जेत्याचा वारस, पण लोकांनी मानावं म्हणून त्याला लोकांची भाषा उचलावी लागली. परक्या राजाला हे कळलं, मग आपल्याच राज्यात आपली भाषा मागच्या बाजूला का? मधू हेच विचारायला गेला होता... भाषणाचं शेवटचं वाक्य मधूसाठी होतं, भावोजी."

अण्णाने पंचा डोळ्यांना लावला आणि तसाच बसून राहिला. वहिनीने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. पाणी पिऊन, डोळे पुसून, दादाशी चौपाटीवर वाद घालताना काढायचा तसा आवाज काढून अण्णा म्हणाला, "बरं, मग त्या ग्रीकांचं पुढे काय झालं? गेले कुठे ते सगळे?"

वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळली. "अहो," म्हणाली, आणि थांबली... मग खाली बघत तिने सांगितलं, "ते नाही मला ठाऊक, भावोजी. ह्यांना कुणी विचारलंच नाही."